खारपाणपट्ट्यातून वाळवंटाच्या डोंगरात: लेकरं, आजी आणि तंबूतल्या तीन रात्री

पूर्णाकाठ

सहा वर्षांच्या पोराला घेऊन राजस्थानात तंबूत राहता येईल का, असं मागच्या उन्हाळ्यात मी इथंच विचारलं होतं. अनेकांनी मनापासून उत्तरं दिली होती, म्हणून जाऊन आल्यावर सविस्तर लिहिणं माझ्याकडे लागतं. उशीर झाला. हरभरा सोंगून घरात आला तेव्हा कुठं बसायला मिळालं.

आम्ही सहा जण होतो. मी, हे, मुलगी (वय १०), मुलगा (६), पुतण्या (१३) आणि सासूबाई, ज्यांना सगळे आजीच म्हणतात. गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: आमच्याकडे विहिरीला पाणी लागतं, पण ते तोंडात घेववत नाही आणि पिकालाही चालत नाही. प्यायचं पाणी लांबच्या धरणावरून नळाने येतं आणि ते येईल त्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवावं लागतं. हे आधी सांगते, कारण या प्रवासात मला जे दिसलं ते यामुळेच दिसलं.

संक्रांत झाल्यावर निघालो. हरभरा घाट्यावर होता, रोही आणि डुकरांची राखण दिरांनी अंगावर घेतली. अकोल्याहून रेल्वेने सुरत, अहमदाबाद करत आबू रोडला उतरलो. माउंट आबूला एकच दिवस दिला. गुरुशिखर १,७२२ मीटर, अरवलीतलं सगळ्यात उंच टोक. तिथं वारा इतका बोचरा होता की मुलगा पाच मिनिटांत माझ्या शालीत शिरला. देलवाड्याची मंदिरं जैनेतर पाहुण्यांना दुपारी बारानंतर उघडतात, हे लक्षात ठेवून बेत करा. सगळ्यात जुनं विमल वसही १०३१ सालचं. आत फोटो काढू देत नाहीत, आणि लेकरांच्या बाबतीत ते बरंच झालं. मुलगी छताखाली मान वर करून उभी राहिली आणि तिला हलवायला मलाच जिवावर आलं. आबूबद्दल इतकंच. छान आहे, पण गर्दी आहे, आणि ते हिरवं आहे. आम्हाला कोरडे डोंगर पाहायचे होते.

ते सापडले पाली जिल्ह्यात, जवाईला. आबू रोडहून जोधपूरकडे जाणाऱ्या रेल्वेवरच जवाई बांध नावाचं स्टेशन आहे. सपाट माळातून उघड्या ग्रॅनाइटचे डोंगर एकदम वर आलेले, वाऱ्यापावसाने घासून गुळगुळीत झालेले, कपारीकपारीत गुहा. त्या गुहांमध्ये बिबटे राहतात आणि खाली लाल पागोट्याचे रबारी आपली शेळ्या-मेंढरं चारतात. दोघं एकाच डोंगरावर. पहिली रात्र आम्ही तिथल्या एका शेतकऱ्याच्या वाडीत काढली. तंबू आमचाच, पण त्याने तो काट्यांच्या कुंपणाच्या आत, घराच्या भिंतीला लागून लावायला लावला. आजी कुंपण हाताने चाचपून म्हणाली, "हे तं आपल्यावानीच बांधलं रे बाप्पा." बाभळीच्या काट्या, बुडखे आत आणि शेंडे बाहेर. आमच्या गोठ्याला तसंच असतं. त्या रात्री आजी एकदम गाढ झोपली.

सकाळी जवाईच्या धरणावर गेलो. याचं काम १९४६ साली सुरू झालं आणि १९५७ साली पूर्ण. इथलं पाणी पालीपर्यंत जातं, पूर्वी पार जोधपूरपर्यंत जायचं. पुतण्याने विचारलं, "म्हणजे यांचंबी पाणी लांबून येते?" पूर्ण प्रवासात त्या पोराने विचारलेला हा पहिला प्रश्न. तोवर तो मोबाइलमध्ये होता.

तिथून जोधपूर आणि मग जैसलमेर. जैसलमेरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर सम गावाचे वाळूचे टेकाड आहेत, तिथं कॅम्पांची रांग लागलेली. एका कॅम्पवर आम्ही आगाऊ पैसे भरून ठेवले होते. संध्याकाळी सहापासून कानठळ्या बसतील असा आवाज सुरू झाला. मुलगा कानांवर हात ठेवून रडायला लागला. आवाज कमी करा म्हणून दोनदा विनंती केली, कोणी दाद दिली नाही. आम्ही तशाच रात्री सामान उचललं, पैसे सोडले आणि शहरात परतलो. लहान मुलं असतील तर पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: रात्री गाणी किती वाजेपर्यंत? उत्तर गोलमोल आलं तर पुढे जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी नैऋत्येला खुरी गावाकडे गेलो आणि गावाबाहेर एका कुटुंबाच्या अंगणापलीकडे तंबू लावला. दोन रात्री. इथं जे झालं ते लिहायलाच मी हा धागा काढला आहे.

पोहोचल्यावर घरच्या बाईने लेकरांना लोट्यातून पाणी दिलं. मुलाने अर्धं प्यायलं आणि उरलेलं, घरी अंगणात टाकतो तसं, वाळूवर ओतलं. ती बाई काहीच बोलली नाही. फक्त ओल्या डागाकडे पाहत राहिली, तो दिसेनासा होईपर्यंत. आजीने ते पाहिलं. संध्याकाळी ती त्या बाईसोबत भांडी घासायला बसली. तिथं भांडी कोरड्या वाळूने घासतात आणि शेवटी फडक्याने पुसतात, पाणी लागतच नाही. एकीची मारवाडी, दुसरीची वऱ्हाडी, तरी दोघी तासभर बोलत होत्या. आजी राखेचं सांगत होती, ती वाळूचं.

सकाळी त्या घरच्या आजोबांनी लेकरांना टांकं दाखवलं. जमिनीखाली गोल हौद, वर झाकण, आणि भोवतीची जमीन हौदाकडे उतरती करून चोपून ठेवलेली. त्या जमिनीला आगोर म्हणतात. पावसाचं पाणी आगोरावरून वाहत टांक्यात उतरतं. पावसाळ्याआधी आगोर झाडून काढतात, त्यावर ढोरं येऊ देत नाहीत, चपला घालून कोणी जात नाही. जैसलमेरला वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आत. आपल्याकडे त्याच्या तिप्पट-चौपट पडतो.

मग त्यांनी खडीन दाखवलं. पालीवाल ब्राह्मणांनी शेकडो वर्षांपूर्वी बसवलेली ही पद्धत. मागे खडकाळ उतार, पुढे सखल जमीन, आणि सखल भागाच्या खालच्या तोंडाला मातीचा लांब बांध, त्याला जादा पाणी जायला सांडवा. पावसाळ्यात उताराचं सगळं पाणी तिथं थांबतं, मुरतं, आणि पाणी ओसरलं की त्या ओलीवर गहू आणि हरभरा. वरून एक थेंब न देता.

हे बांधावर उकिडवे बसले आणि मातीचं ढेकूळ हातात चोळत राहिले. आम्हीही तेच करतो ना! खारपाणपट्ट्यात खालचं पाणी कामाचं नाही, म्हणून काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवरच आमचा हरभरा येतो. हजार-बाराशे किलोमीटर लांब येऊन आमचंच शेत भेटलं.

शेवटच्या रात्री पहाटे चारला मुलाला लघवीला उठवलं. थंडी सात-आठ अंशांची असावी, वाळू पायाला बर्फासारखी लागत होती. वर पाहिलं तर उत्तरेला सप्तर्षी पूर्ण चढून आलेले. आजीही उठली होती. तिने पोराला घोंगडीत घेतलं आणि खाटल्याची गोष्ट सांगितली: चार चांदण्या म्हणजे म्हातारीच्या खाटेचे चार खूर, मागच्या तीन म्हणजे खाट पळवणारे चोर. गोष्ट मलाही ठाऊक होती, पण दाखवून कोणी सांगितली नव्हती. घरी अंगणातल्या दिव्यामुळे ते खाटलं आता दिसतच नाही.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. आठवेल तसं सांगते.

तिफन

ताई, लय मस्त लिवलं. वाचता वाचता बायकोले बी वाचून दाखवलं.

माह्या मनातलं एक सांगतो. आपल्या पोरायले तंबूचं भेव वाटाचं काई काम नाई. माहा बाप सहा सहा महिने वावरात जागलीवर झोपे. मी सात वर्साचा असतांना त्याच्या जवय मचाणावर झोपलो, कोल्हे वरडे तं त्याच्या पोटाशी शिरो. आता माहा पोरगा बारा वर्साचा हाय, त्यानं एक रात बी वावरात काढली नाई. त्याच्यामुळं ज्याले लांब जाणं जमत नसन त्यानं पयली रात आपल्या वावरातच काढा. गवऱ्याच्या आरात रोडगे लावा, वांग्याची भाजी करा, आन् मोकया आभायाखाली झोपा. पोरगं तिथं झोपलं तं कुठं बी झोपते.

एक इचारतो. खडीन पाहून भाऊसाहेबायच्या मनात आपल्या वावरात बांध घालाचं आलं असन. पण आपली माती वेगळी. खारपाणातली काळी माती पाणी धरून ठेवते, खाली सोडत नाई. पाणी तुंबलं तं वावर चिबडते आन् कपाशी पिवळी पडते. तिकडं वाळू मिसळलेली माती हाय, ते पिऊन घेते. घाई करू नका.

सिस्टर

मूर्तिजापूरजवळच्या एका गावात आरोग्यसेविका आहे. पूर्णाकाठ ताईंनी सुरेख लिहिलंय, त्याला माझी थोडी जोड देते, कारण थंडीतल्या वाळवंटात लेकरं कोरडी पडतात ते आईबापांच्या ध्यानात येत नाही.

उन्हाळ्यात पोर स्वतःहून पाणी मागतं. जानेवारीत थंड, कोरड्या वाऱ्यात घाम येतो तो लगेच उडून जातो आणि तहानही लागत नाही. लघवीचा रंग पाहा. गडद पिवळी झाली, किंवा पाच-सहा तास पोराने लघवीच केली नाही, तर थांबा आणि थोडंथोडं पाजायला लागा. ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा, पण पाकिटावर किती पाण्यात घालायचं ते वाचूनच घाला. मोठं पाकीट एका लिटरचं असतं, छोटं २०० मिलिलिटरचं, आणि गफलत इथंच होते. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ वाढवू नका.

आजी सोबत असतील तर बीपी-साखरेच्या गोळ्या दोन ठिकाणी वाटून ठेवा, एक संच आईच्या पिशवीत, एक बाबांच्या. एक पिशवी हरवली तरी खाडा पडत नाही. रात्री लेकरांच्या डोक्याला आणि पायाला झाकण हवंच. वाळू दिवसा तापते तितक्याच लवकर रात्री गार होते, त्यामुळे अंगाखाली घालायला जाड काही घ्या. पांघरूण कितीही असलं तरी खालून थंडी चढते.

रानवाट

मी परतवाड्याचा. लेख आवडला, तरी एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. डोंगर दाखवायला इतक्या लांब जायची गरज आहे का? दर्यापूरहून आकाश स्वच्छ असलं की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. तिथंच गाविलगड आहे. आपल्या कित्येक लेकरांनी तो पाहिलेला नसतो.

चिखलदरा १,११८ मीटरवर, आणि मार्च उजाडला की सागाची पानं गळून सगळा डोंगर तांबूस, उघडा होतो. त्या दिवसांत गाविलगडाच्या तटावर उभं राहून खाली पाहिलं तर वाळवंटाच्या डोंगरांपेक्षा ते काही फार वेगळं दिसत नाही. या किल्ल्याचं बांधकाम १४२५ च्या सुमारास अहमदशहा बहमनीने करवलं असं सांगतात. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो घेतला आणि किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. तुम्हाला पाण्याची एवढी ओढ आहे म्हणून सांगतो, गडावरचे तलाव मुलांना आवर्जून दाखवा. इतक्या उंचीवर एवढी शिबंदी आणि जनावरं केवळ साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर राहत होती. टांक्याचीच गोष्ट आहे, फक्त दगडात कोरलेली.

दुसरं, कळकळीने सांगतो. मेळघाट १९७३-७४ साली देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला. तिथं आपला तंबू घेऊन कुठंही उतरायचं नाही. राहायला कोलकास, सेमाडोह, शहानूर इथं वनविभागाच्या निवासाची सोय आहे, ती आधी ठरवून जा. कोलकासला खाली सिपना नदी वाहते, आणि रात्री जंगलाचा आवाज ऐकायला तंबू लागत नाही. उन्हाळ्यात जंगलात चूल पेटवू नका. वाळल्या पाल्याला ठिणगी पुरते, आणि ते विझवायला आमची कोरकू पोरं जीव धोक्यात घालून पळतात.

चांदाकर

इतिहासावर बोलणं झालं, मी त्याहून जुन्यावर बोलतो. ताई, जैसलमेरला गेलाच होतात तर आकलचं जीवाश्म उद्यान पाहिलंत का? शहरापासून सतरा-अठरा किलोमीटर. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांची खोडं दगड होऊन पडलेली आहेत. आज जिथं खेजडीशिवाय सावली नाही, तिथं तेव्हा घनदाट जंगल होतं.

आणि ज्यांना राजस्थान जमत नाही त्यांनी गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यातलं वडधम पाहावं. तिथंही दगड झालेली झाडं आहेत. माझ्या मुलीने तिथल्या एका खोडावर हात ठेवून 'हे गरम आहे' म्हटलं होतं. उन्हाने तापलं होतं, पण तिला वाटलं झाड अजून जिवंत आहे. मी तिला लगेच दुरुस्त केलं नाही.

तिकडे माळढोक पक्षी दिसला का? आमच्या वरोऱ्याकडे एकेकाळी दिसायचा. मी लहानपणी वडिलांसोबत एकदा पाहिला आहे, ज्वारीच्या धसकटातून मोठ्या डौलाने चालत होता.

नवीआई_वाशीम

पूर्णाकाठ ताई, मला जरा अडचणीचा प्रश्न विचारायचा आहे. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तंबूत राहायचं म्हटलं की संडासाचं आणि पाळीचं काय करायचं, ह्याच काळजीने मी दोनदा बेत रद्द केला.

पूर्णाकाठ

नवीआई, यात अडचणीचं काही नाही, मलाही सगळ्यात जास्त हीच काळजी होती. आम्ही तिन्ही रात्री मुद्दाम घराच्या जवळ राहिलो ते याचसाठी. आधी फोन करून घरात संडास आहे का, रात्री दार उघडं असतं का, आणि बाईमाणूस घरी असणार का, हे तिन्ही विचारलं. जिथं फोनवर पुरुषाने 'सब हो जाएगा' म्हटलं तिथं गेलोच नाही. पाळी अजून आलेली नसली तरी मुलीच्या पिशवीत चार पॅड, जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे आणि झाकणाचा एक डबा ठेवला, आणि कशासाठी ते तिला घरीच समजावून सांगितलं. वापरलेलं काहीही वाळूत पुरायचं नाही, डब्यातून शहरात आणायचं. रात्री उठायचं झालं तर एकटीने नाही, बॅटरी आणि आजी दोन्ही सोबत.

सिस्टर, तुमचा खालच्या थंडीचा मुद्दा आम्ही पहिल्याच रात्री शिकलो. जवाईला आमच्या अंगाखाली फक्त सतरंजी होती. यजमानांनी मध्यरात्री दोन गोधड्या आणून दिल्या. खुरीला आधी गोधड्या, मग बाकी सामान.

रानवाट भाऊ, तुमचं खरं आहे आणि ते मनाला लागलं. माझ्या दोन्ही लेकरांनी गाविलगड पाहिलेला नाही. पण आम्ही कुठलाही बेत केला तरी घरी उत्तर असतं, "चिखलदरा काय, कधीही जाता येते", आणि म्हणूनच कधी जाणं होत नाही. दूरच्या डोंगराने आजीला घराबाहेर काढलं, आता जवळचाही पाहू. जैसलमेरचा किल्लाही ११५६ सालचा, आत अजून माणसं राहतात. नळ आल्यापासून वापराचं पाणी पायथ्याच्या मातीत मुरून तो किल्ला खचतो आहे. जिथं पाणी नव्हतं तिथं पाण्यानेच नुकसान, हे ऐकून पुतण्या बराच वेळ तट निरखत होता.

चांदाकर दादा, आकल आम्ही पाहिलं. मुलगा खोडावर चढायला निघाला होता, रखवालदाराने गोड बोलून थांबवलं. माळढोक नाही दिसला. तुमची वडिलांची आठवण मी मुलीला वाचून दाखवली.

तिफन भाऊ, खर्च विचारला नाहीत तरी सांगते, बाकीच्यांना उपयोगी पडेल: स्लीपरचा प्रवास, घरगुती जेवण, वाहनाचं भाडं धरून सहा जणांचे आठ दिवसांचे ४०,००० च्या आत. त्यात सोडून दिलेल्या कॅम्पचे पैसेही आले. आणि बांधाचं तुम्ही बरोबर ओळखलंत. हे आले त्या आठवड्यातच फावडं घेऊन निघाले होते. चिबडण्याचं मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं असं की नदीकडच्या खालच्या दीड एकरात पावसाळ्यात तसंही पाणी साचतं, तिथं कपाशी कधी साधतच नाही. तो तुकडा खरिपात पडीकच ठेवायचा आणि बांध घालून फक्त हरभऱ्याला वापरायचा. हे चालेल का, सांगा.

तिफन

आता बरोबर बोलले. जो तुकडा तसाई खरिपात पडीक हाय तिथं करून पाहाले हरकत नाई. पण सांडवा सोडल्याबिगर बांध घालू नका, आन् शेजाऱ्याच्या धुऱ्यावर पाणी जाणार नाई हे आधी पाहा. नाईतर भांडण ठरलेलं. पयल्या वर्षी बांध गुडघ्याएवढाच ठेवा. आश्विनात पाणी कवा ओसरते त्याची तारीख लिहून ठेवा. कार्तिकात बी चिखल रायला तं हरभरा पेराले उशीर होते.

पूर्णाकाठ

तारीख मुलगी लिहिणार आहे. तिने आत्ताच एक वही केली, पहिल्या पानावर टांक्याचं चित्र आहे आणि आगोरावर चपला काढून उभी असलेली आजी.

रानवाट भाऊ, शाळेला सुट्टी लागली की पहिल्या आठवड्यात सेमाडोहला दोन रात्री, मग गाविलगड. आजीने विचारलं आहे की गडावरच्या तलावाला खाली उतरायला पायऱ्या आहेत का, तिचे गुडघे दुखतात.

रानवाट

वाट ओबडधोबड आहे, काही ठिकाणी हात धरावा लागेल. निघायच्या आधी इथं कळवा, मी परतवाड्याहून येतो. आजींना उन्हाच्या आत, सकाळी सातलाच वर नेऊ.